डाव्या सीटवरचे गृहस्थ

ठाणे : ला कोंब, लोतारे घाटाखाली
दिनांक : १८ जून

मी, श्रीमती विनिफ्रेड ऑस्क्रॉफ्ट, वय ६७ वर्षे, पूर्वी शाळेत गायन शिकवत असे, हल्ली काही करत नाही, राहणार क्लिदरो, लँकेशायर, इंग्लंड, आज या ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की :

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे पती गिल्बर्ट गेल्या वर्षी फेब्रुवारीत वारले. आम्हाला मूलबाळ नाही. फ्रेंच मला शाळेतल्या नन्सनी शिकवले आहे, त्यामुळे दुभाषा लागला नाही. ठाणेदार मोरेल यांनी दुभाष्याबद्दल दोनदा विचारले, दोन्ही वेळा मी नको म्हणाले.

माझ्याविरुद्ध मादाम सोलांज ग्राव्ये यांची तक्रार आहे की मी त्यांच्या वडिलांना, मस्यू फिर्मां ग्राव्ये, वय ८४, यांना फूस लावून गाडीतून नेले. ठाणेदारांनी मला हेही सांगितले की वडिलांना आपल्या ताब्यात द्यावे, त्यांचे घर विकून त्यांना वृद्धाश्रमात ठेवण्याची परवानगी मिळावी, असा अर्ज मादाम सोलांज यांनी न्यायाधीशांकडे केला आहे आणि माझा जबाब त्या अर्जाला जोडला जाणार आहे. हे समजल्यावर मी थोडा वेळ मागितला. तो मला देण्यात आला, कॉफीही देण्यात आली. आता मी सांगते.

गाडी निळी, दोन दारांची, सहा सिलिंडरची आहे. ती माझ्या नावावर आहे, पण ती गिल्बर्टची आहे. दर जूनमध्ये आम्ही ती बोटीवर चढवून फ्रान्सात उतरत असू आणि आल्प्सच्या घाटांतून आठ-दहा दिवस हिंडत असू. असे आम्ही बावीस वर्षे केले. घाटापलीकडच्या हॉटेलात आमची खोली ठरलेली असे. या मार्चमध्ये तिथल्या मालकीणबाईंनी पत्र पाठवून विचारले की गेल्या वर्षी आला नाहीत, यंदा दोघे ना. मी उत्तरात ‘नेहमीप्रमाणे’ एवढेच लिहिले. त्यांचा दोष नाही, मीच नीट लिहिले नाही.

गिल्बर्ट असताना ही गाडी मी कधी चालवली नव्हती. यंदाच्या वसंतात शिकले. क्लच जड आहे. आमच्या गावातले लोक म्हणाले, “विनी, विकून टाक आणि छानशी छोटी गाडी घे.” शेजारची डॉरीन म्हणाली, “घाटात अडकलीस तर हॉर्न कुणासाठी वाजवणार आहेस?” मी तिला सांगितले की गिल्बर्टने बावीस वर्षांत हॉर्न वाजवला नाही. ते खरे नाही, पण तिला माहीत नव्हते.

इंग्लिश गाडीचे स्टिअरिंग उजव्या बाजूला असते आणि इथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात. त्यामुळे पुढे ट्रक असला की चालवणाऱ्याला समोरून काय येते ते दिसत नाही. ते डाव्या सीटवरच्या माणसाला दिसते. इंग्लंडहून येणाऱ्या प्रत्येक जोडप्यात हे काम डाव्या सीटवाल्याचे असते. तो बाहेर डोकावतो आणि ‘थांब’ किंवा ‘चल’ म्हणतो. टोलनाक्यावर तिकीट घेणे हेही त्याचेच काम, कारण खिडकी डावीकडे येते. आमच्यात ते मी करत असे. मी ‘थांब’ जास्त म्हणते असे गिल्बर्टचे म्हणणे होते. “तुला बसवण्यापेक्षा हँडब्रेक ओढून ठेवला असता तर स्वस्त पडलं असतं,” असे तो म्हणे. पण माझ्या शब्दाशिवाय तो कधी पुढे गेला नाही. यंदा टोलनाक्यावर प्रत्येक वेळी मी उतरून गाडीला वळसा घालून तिकीट घेतले. मागचे लोक हॉर्न वाजवत. एका जागी एका गृहस्थांनी खिडकीतून विचारले, “मादाम, नवऱ्याला घरी विसरलात का?” त्यांचा हेतू वाईट नसावा.

कालपासून मी ट्रकच्या मागेच होते. पुढे जाता येत नव्हते. ग्रनोब्लपासून खडीचा एक ट्रक पुढे होता, तो थांबला तिथे मीही थांबले, तो निघाला तशी मी निघाले. ही गाडी यासाठी बनवलेली नाही. तिचे इंजिन तापत होते आणि मला वाईट वाटत होते.

आज सकाळी घाटाच्या पायथ्याच्या गावात मी पेट्रोल भरायला थांबले. शेजारी बाकावर मस्यू ग्राव्ये बसले होते. डोक्यावर टोपी, मांडीवर बाजाराची पिशवी, तिच्यात पाव आणि चीज. त्यांनी गाडीकडे तोंड करून म्हटले, “सहा सिलिंडर. इंग्लिश.” मी हो म्हटले. त्यांनी विचारले, “आणि मस्यू, तुमचे यजमान, कुठे आहेत?” मी सांगितले. त्यांनी टोपी काढली आणि परत घातली. मग म्हणाले, “मला घाटापलीकडे बहिणीकडे जेवायला जायचंय. बस दुपारी आहे. तुमच्याकडे जागा आहे, असं दिसतंय.”

मी त्यांना स्पष्ट विचारले, “तुम्हाला डावीकडे बसून रस्ता बघावा लागेल. मी विचारेन, तुम्ही सांगायचं. नजर चांगली आहे ना?” ते म्हणाले, “गरुडासारखी.” हे त्यांनी म्हटले हे मी नाकारत नाही.

गाडीत बसताना ते उजवीकडचे दार उघडून स्टिअरिंगसमोर बसायला गेले. मी म्हटले, “तिथे मी बसते.” ते म्हणाले, “मग ठीक आहे, नाहीतर मला वाटलं मलाच चालवायचीय.” इथले सगळेच लोक ही चूक करतात, त्यामुळे मला त्यात काही वावगे वाटले नाही. मी त्यांना फूस लावली नाही. त्यांनीही जबरदस्ती केली नाही. पट्टा मी लावून दिला.

पहिल्यांदा आम्ही एका कॅम्पिंग व्हॅनच्या पुढे गेलो. मी विचारले, “मस्यू, कसं आहे?” ते पुढे झुकले आणि ठासून म्हणाले, “चला.” मी गेले. रस्ता मोकळा होता. कुणीतरी मला असे सांगून फार दिवस झाले होते. दुसऱ्यांदा पुढे गवताने भरलेला ट्रॅक्टर होता. ते म्हणाले, “चला, चला, अख्खा रस्ता आपला.” मी बाहेर काढली तर समोरून मोटरसायकल आली. जागा पुरेशी होती, ती निघून गेली, त्या माणसाने हाताने काय खूण केली ते मी सांगत नाही. मस्यू ग्राव्ये दचकले नाहीत. ते हसऱ्या चेहऱ्याने समोर बघत राहिले, जणू काही आलेच नव्हते.

पुढच्या वळणावर जागा होती तिथे मी गाडी थांबवली. मी पेपरमिंटचा डबा उघडून त्यांच्यासमोर धरला. त्यांचा हात हवेत डब्याच्या अलीकडे, मग पलीकडे गेला, मग माझ्या मनगटाला लागला. तेव्हा मला कळले.

ठाणेदारांनी विचारले की मग मी त्यांना पुढच्या गावात का उतरवले नाही. मी उतरवणार होते. पेपरमिंट तोंडात ठेवून ते म्हणाले, “तुम्ही विचारता, बरं वाटतं. घरी मला कुणी विचारत नाही, सांगतात. बाबा बसा. बाबा उठा. बाबा, आज सूप आहे.” मग म्हणाले, “निघायचं? पुढे कोण आहे आता?” मी म्हटले, “दुधाचा टँकर आहे.” ते म्हणाले, “मग त्याची खोड मोडूया.”

माझे यापुढचे म्हणणे ठाणेदारांनी नीट लिहून घ्यावे, अशी मी विनंती केली आणि ती मान्य झाली.

टँकरपासून पुढे मी एकदाही मस्यू ग्राव्ये यांच्या शब्दावर गाडी पुढे काढली नाही. रस्ता उजवीकडे वळतो तेव्हा उजव्या सीटवरून ट्रकच्या उजव्या अंगाने पुढचा रस्ता दिसतो. त्यासाठी बरेच मागे राहावे लागते आणि वाट बघावी लागते. गिल्बर्टने हे मला चहाच्या टेबलावर मीठ-मिरीच्या बाटल्या मांडून समजावले होते, मी तेव्हा लक्ष दिले नव्हते असे मला वाटत होते. आज ते सगळे आठवले. मी स्वतः बघत होते. रस्ता मोकळा दिसला की मी विचारत होते, “मस्यू, कसं आहे?” ते म्हणत, “चला,” आणि मी जात होते. रस्ता मोकळा नसेल तेव्हा मी विचारतच नव्हते. त्यामुळे त्यांच्याकडून मला किंवा कुणालाही धोका झाला नाही. पहिल्या दोन वेळा मी स्वतः न बघता गेले, तो दोष चालवणाऱ्याचा, म्हणजे माझा. त्यासाठी जो दंड असेल तो मी भरेन.

विचारण्याची गरज नसताना का विचारत होते, याचे उत्तर मला देता आले नाही. ठाणेदारांनी ती जागा कोरी ठेवू का असे विचारले. मी म्हटले, ठेवा.

लोतारेच्या माथ्यावर आम्ही कॉफी घेतली. वारा फार होता. त्यांनी पिशवीतला पाव मोडून अर्धा मला दिला आणि समोरच्या बर्फाच्या डोंगराचे वर्णन केले. ते त्यांनी बरोबर केले. मी हो म्हणत राहिले. तिथे त्यांच्या गावातल्या कुणीतरी त्यांना पाहून मुलीला फोन केला, हे मला नंतर समजले. उतारावर ला कोंब येथे पोलिसांनी हात दाखवला आणि मी थांबले.

मादाम सोलांज ठाण्यात आल्या तेव्हा त्यांच्या पायात घरातल्या चपला होत्या. त्या रडल्या होत्या, हे मी पाहिले. त्या वडिलांना म्हणाल्या, “बाबा, तुम्हाला स्वतःचे बूट दिसत नाहीत आणि तुम्ही घाटात लोकांना गाड्या पुढे काढायला सांगता?”

मस्यू ग्राव्ये म्हणाले, “बूट कशाला बघायला हवेत? पायातच असतात.”

“आणि बहीण? मार्त आत्याला जाऊन सहा वर्षं झाली.”

“म्हणून तर जेवायची घाई नव्हती.”

त्यावर मादाम सोलांज माझ्याकडे वळल्या. “मादाम, तुमच्यासाठी ते वाटेत भेटलेले एक गृहस्थ आहेत. माझे ते वडील आहेत. रोज संध्याकाळी मी कामावरून येते आणि दार उघडण्याआधी आतून काही आवाज येतो का ते ऐकते. तुम्हाला काय कळणार?” त्या आवाजाबद्दल मला कळते. माझ्या घरी तो गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून येत नाही. पण मादाम सोलांज यांना ते सांगण्याची ती वेळ नव्हती.

हे सर्व लिहून झाल्यावर मी ठाणेदारांना बाजूला घेऊन विनंती केली की जबाब वाचून दाखवताना मस्यू ग्राव्ये यांना बाहेर बसवावे. माझे म्हणणे त्यांना वृद्धाश्रमापासून वाचवू शकेल, पण घाट आपणच पार करवला असे त्यांना वाटत होते आणि ते मी त्यांच्याकडून काढून घेणार होते. ठाणेदार म्हणाले की ठाण्यात एकच खोली आहे आणि बाहेर वारा आहे. मस्यू ग्राव्ये तिकडून म्हणाले, “वाचा. मी बहिरा नाही.”

जबाब वाचण्यात आला. टँकरपासूनचा मजकूर आला तेव्हा मी जमिनीकडे बघत होते. वाचून झाल्यावर मस्यू ग्राव्ये यांनी आपलेही एक वाक्य लिहून घ्या असे सांगितले. ते त्यांच्याच शब्दांत असे : “मादाम विचारायच्या त्याच्या आधीच तिसरा गिअर पडलेला असायचा. इंजिनाचा आवाज बदलायचा, मग त्या विचारायच्या, मग मी ‘चला’ म्हणायचो. पहिल्यांदा मला वाईट वाटलं. नंतर वाटलं, बाईंना विचारायचंय ना, मग आपण सांगावं.”

यावर माझे काही म्हणणे आहे का, असे मला विचारण्यात आले. नाही.

मादाम सोलांज यांनी माझ्याविरुद्धची तक्रार मागे घेतली. न्यायाधीशांकडच्या अर्जाबद्दल त्या म्हणाल्या, “ते मी आज सांगू शकत नाही. घरी जाऊन बाबांना विचारते.” हे वाक्य त्यांच्या संमतीने इथे लिहिले आहे.

गाडी मला परत मिळाली. मी आज हॉटेलवर पोहोचेन. दोघांसाठी ठेवलेल्या खोलीबद्दल मालकीणबाईंना मी स्वतः सांगेन.

वरील मजकूर मला फ्रेंचमध्ये मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. मी तो शेवटपर्यंत ऐकला, मी सांगितले तसाच तो आहे, आणि एक जागा कोरी आहे ती माझ्याच सांगण्यावरून. म्हणून सही करते.

विनिफ्रेड ऑस्क्रॉफ्ट

समक्ष : मोरेल, ठाणेदार

साक्षीदार : फिर्मां ग्राव्ये. सहीची जागा ठाणेदार दाखवत होते. मुलगी म्हणाली, “थांबा, मी धरते.” तिने हात धरला, सही त्यांनी स्वतः केली.