शनिवारचा खडू

न्हाई, आली तर आली, कुणी अडवलंय? कोरेगाव काय माझ्या बापाच्या नावावर न्हाई. पण आटपाडीसनं उठून यायचं, तेबी बारावीच्या जुलैत, आमी सगळी अकरावीपासनं जागा धरून बसलेली असताना, आन् येऊन गप कोपऱ्यात बसायचं सोडून थेट गणितालाच हात घालायचा, ह्याला काय म्हणायचं तुमीच सांगा. उत्कर्षा नाव तिचं. इथं मावशीकडं राहाती, बाजारपेठंच्या मागं. आता मी जळतोय असं न्हाई हं. खरं ते सांगतोय.

आदी आमच्या वर्गाचं सांगतो, म्हंजे माझं दुखणं कळंल. बारावी सायन्स. पण निम्म्याच्या वर पोरं डॉक्टर व्हायला निघाल्यात, गणिताला उरलो अकरा जण. शिंगटे सर शिकवत्यात, तीस वर्षं झाली त्यांला. सरांची एक पद्धत हाय. शनिवारचा शेवटचा तास सर घेत न्हाईत. मागच्या बाकावर येऊन बसत्यात, गुडघं चोळत, आन् खडू देत्यात एका पोराच्या हातात. म्हणत्यात, "शिकवून दाखव. शिकवता आलं म्हंजे आलं." आन् त्यो खडू अकरावीपासनं कुणाच्या हातात? माझ्या. ह्या राजवर्धनच्या. आई रहिमतपुरात गल्लीभर सांगायची, "आमचा राजू कॉलेजात शिकवतोय." शेजारच्या अंबूबाईंनी एकदा मला पगार विचारला. मी म्हणलं, अजून कायम न्हाई झालो काकू.

असं सगळं झ्याक चाललेलं. आन् जुलैत ही आली.

पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, "डेरिव्हेटिव्ह म्हंजे काय?" मी उठलो. साडेचार ओळींची व्याख्या, लिमिट एच टेंड्स टू झिरो, एका दमात, मधी श्वास न्हाई घेतला. सर म्हणाले, "बस." नुस्तं बस. मग हिला विचारलं. ही उठली आन् म्हणती, "सर, आमचे वडील मेंढरं घिऊन घाट चढत्यात. सगळा घाट किती चढाचा हाय त्ये मेंढराला काय करायचंय? आत्ता पाय टेकलाय तितं किती चढ हाय, तेवढंच त्येला कळतंय. त्येच डेरिव्हेटिव्ह." झालं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आन् म्हणाले, "शाब्बास." आवं, वरीसभरात मला एकदा तरी शाब्बास म्हणायचं का न्हाई? माझी साडेचार ओळींची व्याख्या गेली मेंढरांच्या पायाखाली. मी जळतोय असं न्हाई. पण दुखतंय की वो माणसाला.

मग म्हणलं, जनावरंच पायजेत का सरांना? आमच्यात काय जनावरं न्हाईत? दोन म्हशी हायत, दोन्ही दुभत्या. इंटिग्रेशन निघालं तवा मी वाटच बघत हुतो. हात वर केला आन् म्हणलं, "सर, म्हशीचं दूध. थोडं थोडं करून सगळं मिळवलं की इंटिग्रेशन." सर म्हणाले, "बरं, लिमिट काय?" मी म्हणलं, "सकाळ ते संध्याकाळ." सर म्हणाले, "अरं, पण धार तर दोनदाच काढतोस. मधल्या येळंचं दूध कुठलं?" सगळा वर्ग खो खो हसला. गुंडा, माझ्या बाकावरचा, माझा जिवाभावाचा मैतर, त्यो तर बाक बडवून हसला. आन् तवा ही उठली. का उठली? कुणी बोलावलं हुतं? म्हणती, "सर, त्येचं बरोबर हाय. धार दोनदा काढायची, पण दूध कासंत दिवसभर तयार हुतंय." सर म्हणाले, "शाब्बास उत्कर्षा."

म्हस माझी, दूध माझ्या म्हशीचं, उदाहरण माझं, आन् शाब्बास हिला. आन् वर मलाच तिला थँक्यू म्हणाय लागलं, कारण माझी बाजू घेतली हुती ना तिनं. म्हणलं मी. दात आवळून म्हणलं. ती म्हणती, "आवं त्यात काय." त्यात काय म्हणं.

तरी शनिवारचा खडू माझ्याच हातात हुता बरं का. पण मी फळ्यावर लिवताना सर मागं बसून माझ्याकडं बघायच्याऐवजी हिच्याकडं बघायचे, हिची मान हलली का बघायला. हिची मान हलली की माझं गणित बरोबर. मग डिसेंबरात सरांनी जाहीरच केलं, "पूर्वपरीक्षेत गणितात जो पहिला येईल, बोर्डापर्यंत खडू त्याच्याकडं." 'जो' म्हणले सर, पण बघितलं तिच्याकडं.

आता तुमाला सांगतो, माझी तयारी कशी. पहाटंची एसटी धरून साताऱ्याला क्लास. तितनं परत कोरेगाव. तीन डायजेस्टं. मोबाईलवर ॲप, त्यातला माणूस इतक्या भरभर शिकवतोय की त्येलाच दम लागतोय. आन् हिचं काय? क्लास न्हाई, ॲप न्हाई, मावशीच्या ओट्यावर बसून एकच पुस्तक. कोणतं पुस्तक म्हणून मी गुंडाला बघाय पाठवलं. गुंडा येऊन सांगतोय, "सरकारी हाय रं. आपलंच." मग तिच्यासारखं पेन घेतलं. निळं, साधं, दुकानात धा रुपयाचं. त्यानं काय फरक पडला न्हाई, अक्षर तेवढं बिघडलं. मी जळत हुतो असं न्हाई. पेन संपलंच हुतं माझं.

पूर्वपरीक्षा झाली. पेपर असा गेला म्हणता, एकबी गणित राहिलं न्हाई. ऐंशीपैकी किती कापणार, म्हणलं, कापून कापून. बाहेर येऊन गुंडाला भजी चारली.

निकाल लागला. उत्कर्षा, चौऱ्याहत्तर. राजवर्धन, साडेत्र्याहत्तर.

अर्धा. अर्धा मार्क वो. पेपर बघितला तर पाच इंटिग्रेशनं, पाचीची उत्तरं बरोबर, आन् पाचींच्या म्होरं लाल पेनानं गोल, वजा अर्धा, वजा अर्धा. का? तर शेवटी प्लस सी, त्यो स्थिरांक, न्हाई लिवला. आता ह्यात माझी काय चूक? साताऱ्याच्या क्लासात सीईटीची तयारी करून घेत्यात. तितं चार उत्तरं छापलेली असत्यात, चारींच्या शेपटीला सी आदीच लावलेला असतोय, आपण फक्त गोल काळा करायचा. वरीसभर मी गोल काळं केलं. सी आपण लिवायचा असतोय, ही सवयच गेली हाताची. सरांकडं गेलो, म्हणलं, "सर, सी असतोयच की. सगळ्यांला म्हाईत हाय." सर म्हणाले, "जेवणात मीठ असतंय त्येबी सगळ्यांला म्हाईत हाय. आई घालायची राहाती का?"

शनिवार आला. सर मागं आले, आज नेमके माझ्याच बाकावर बसले. खडू गेला हिच्या हातात. आन् हिनं विषय कोणता घ्यावा? प्लस सी. मुद्दाम न्हवं, पोरगी तसली न्हाई, आन् तेच तर सोसत न्हाई. गुंडाला उभं केलं. म्हणती, "समज, तू एसटीत बसलास. ड्रायव्हरपुढचा वेगाचा काटा सगळा येळ बघितलास. गाडी किती पळाली सांगशील?" गुंडा म्हणतोय, "सांगीन. समजा वीस किलोमीटर." "मग आत्ता कुठल्या गावात हाईस?" गुंडा म्हणतोय, "त्ये कसं कळंल? बसलो कुठनं त्येच्यावर हाय." ती म्हणती, "त्येच सी. बसलास कुठनं त्ये काटा सांगत न्हाई. म्हणून शेवटी त्येच्यासाठी जागा सोडायची."

मग गुंडा म्हणला, "आयला, आत्ता कळलं." दीड वर्ष, दर शनिवारी, मी ह्याला घसा कोरडा करून सांगतोय, आन् ह्याला आत्ता कळलं. पण तुमाला खरं सांगू? मलाबी आत्ताच कळलं. मी इतके दिवस फळ्यावर प्लस सी लिवत हुतो, कशापायी लिवतोय त्ये कवाच म्हाईत न्हवतं. म्हणून तर पेपरात हातातनं सुटला सी. व्हय, जळतोय मी. आदीपासनं जळतोय, लय जळतोय, बोंबलून सांगतो.

तेवढ्यात शेजारी बघितलं. शिंगटे सर. गुडघं चोळायचं थांबलेले. फळ्याकडं बघत्यात, डोळा लवत न्हाई. मला वाटलं, आता म्हणणार शाब्बास. तर हळूच माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "राजवर्धन, तीस वर्षं शिकवतोय रं. हे एसटीचं मला का सुचलं न्हाई?"

मी जरा सरकलो, दप्तर उचलून मांडीवर घेतलं. म्हणलं, बसा सर निवांत. दोघं मिळून जळू.