घोळ आणि चिवळ

१९३२च्या उन्हाळ्यात तिरोडा स्टेशनावर दोन विहिणी गाडीची वाट पाहत होत्या. सासूबाई रुसलेल्या सुनेला न्यायला आल्या होत्या. सून चमेली तोंड फिरवून गाठोड्यावर बसली होती. तिच्या आईने रानभाजीची जुडी पुढे केली.

“घ्या विहीणबाई, चिवळ आणली.”

“हे चिवळ? चिवळीचं पान बारीक राह्यते. हे मोठ्या पानाची घोळ होय! एवढंच म्हटलं, तं तुमची पोरगी रुसून माहेरी आली.”

“तिले मीच शिकवलं. आमच्या घरी यालेच चिवळ म्हणतात.”

“मंग साऱ्या घराचंच चुकते.”

“चुकू द्या! मंग काऊन आल्या तिले न्यायले?”

“काय करू? मी खरी चिवळ रांधली, तं माहा पोरगा ताट सारून म्हणते, ‘आई, हे चिवळ नाही!’”