मॅन्डीचं चिनी नाव

(कर्वेनगरमधलं घर. मंदाकिनीबाई चीनमधल्या बायकांना ऑनलाइन योगासनं शिकवणार आहेत. मुलगी ऋचा त्यांचा फॉर्म मोबाइलवर भरते आहे. वडील श्याम पेपर घेऊन शेजारी.)

ऋचा : ...म्हणून इंग्रजीत मी मॅन्डी टाकलंय. आता त्याला जुळणारं चिनी नाव हवं. मंदाकिनी त्या बायकांना म्हणताच येत नाही गं. हे बघ, मान्दी. मान म्हणजे डौलदार.

श्याम : डौलदार? गुडघ्याला पट्टा बांधून?

ऋचा : बाबा, प्लीज. सहाच्या आत पाठवायचंय.

श्याम : पाठव की. मूळ नावच सुरेख आहे. निवडलंय कुणी!

मंदाकिनी : मॅन्डी खोड. इंग्रजीत गोदा लिही, आणि त्याला जुळेल असं चिनी शोध.

ऋचा : गोदा कोण?

मंदाकिनी : मी. लग्नाआधी.

ऋचा : आई! मी कधी विचारलंच नाही तुला. शी! आताही परस्पर मॅन्डी टाकून मोकळी झाले.

मंदाकिनी : तुझं काय वेगळं? यांनी लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने मंदाकिनी लिहिलं, तेव्हा मला कळलं.

श्याम : रीतच होती ती.

मंदाकिनी : होती ना. पण गोदा का नको, तेही कानावर आलं होतं माझ्या. तुमच्याकडे भांडी घासायला गोदाबाई यायच्या. सुनेला तेच नाव कसं, म्हणाल्या म्हणे तुमच्या आई.

ऋचा : आजी असं म्हणाली?

श्याम : ऋचा, तो मोबाइल ठेव जरा. आई नव्हती म्हणाली.

मंदाकिनी : मग?

श्याम : मी. आईला गोदा आवडलं होतं. बँकेतले मित्र घरी येणार, त्यांच्यासमोर गोदा म्हणून हाक कशी मारू? मीच हट्ट धरला. आणि विषय निघाला की आईचं नाव पुढे केलं.

मंदाकिनी : चौतीस वर्षं?

श्याम : सांगणार होतो... नाही, आता तरी खोटं कशाला बोलू. सोयीचं होतं. लाज वाटते गं. तुझ्याकडे बघवत नाही.

ऋचा : आई... काय लिहू?

मंदाकिनी : सांगितलं ना, गोदा.

श्याम : रागव तरी माझ्यावर.

मंदाकिनी : आईंच्या शेवटच्या आजारपणात सगळं केलं मी त्यांचं. पण त्यांनी हात धरला, की सोडवून घ्यायचे हो मी.