फेरीबोटीवर आपोआप लागलेल्या दिव्यांबाबत

मी, रॅग्नहिल्ड ओस्त्रोम, वय ७१ वर्षे, धंदा पूर्वी परिचारिका, आता घरीच, राहणार गोसहोल्म बेट, स्वीडन, नोरविक पोलीस ठाण्यात कोणी न बोलावता हजर होऊन समक्ष जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. बेटावर दुकान नाही, दवाखाना नाही, बस नाही. किनाऱ्यावर जायचे तर गाडी घेऊन फेरीबोटीवर चढावे लागते. बोटीचे कप्तान स्टेलन विकबेरी, वय ६३, यांना मी ओळखते. आमचे नाते काही नाही. दर गुरुवारी ते माझ्याकडे वाटाण्याचे सूप आणि पॅनकेक खायला येतात. माझे पती वारल्यापासून हा पायंडा पडला आहे.

बोटीवर चढले की प्रत्येकाने गाडीचे दिवे विझवायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. तशी पाटीही आहे, पण ती पाहुण्यांसाठी. कप्तान वर काचेच्या खोलीत अंधार करून उभा असतो. खाली उजेड झाला की त्याला समोरचा धक्का दिसत नाही.

माझी जुनी गाडी या उन्हाळ्यात मोडीत निघाली, तेव्हा माझी मुलगी आनेली हिने नवी घेऊन दिली. या गाडीचे दिवे स्वतःच्या अकलेने चालतात. अंधार पडला की लागतात, वळणावर वळतात, समोरून कोणी आले की त्याच्यापुरते मंद होतात. आनेली म्हणाली, "आई, तू कशाला हातच लावायचा नाहीस. गाडीला तुझ्यापेक्षा जास्त दिसतं." मी शहरात तिच्या घराजवळच्या वृद्धांच्या वसाहतीत राहायला यावे, असे तिचे म्हणणे आहे. खोलीही बघून ठेवली आहे.

नव्या गाडीने पहिल्यांदा बोटीवर गेले तेव्हा स्टेलन यांनी खाली येऊन गाडीच्या खिडकीतून विचारले, "रॅग्नहिल्ड, ही रोषणाई कुणाच्या लग्नाची गं?" मी म्हटले, "ऐकत नाही ती." ते म्हणाले, "शहाण्याला शब्दाचा मार. हिला काय द्यावं?" त्यानंतर मी गाडीतल्या टचस्क्रीनच्या पडद्यावर बोट लावून दिवे बंद करायला शिकले. मात्र इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की गाडी ते सगळे विसरते. हे मला माहीत होते.

दिनांक १९ नोव्हेंबर रोजी दुपारी साडेतीनच्या खेपेला मी बेटाकडे परत येत होते. आमच्याकडे या दिवसांत तीनलाच सूर्य मावळतो, त्यामुळे अंधार झाला होता व पाण्यावर दाट धुके होते. बोटीवर पुढे माझी गाडी व मागे पोस्टमन पॅर यांची, एवढ्याच दोन गाड्या होत्या. मी दिवे विझवले व इंजिन बंद केले. धक्का जवळ आला की बोटीच्या इंजिनाचा आवाज खाली येतो. तो ऐकून बेटावरचा प्रत्येक माणूस आपली गाडी सुरू करतो. बोट टेकेपर्यंत थांबावे असा नियम आहे, पण तो पाळताना मी कोणाला पाहिलेले नाही. मीही सुरू केली.

दिवे लागले. समोरचे धुके चुना फासलेल्या भिंतीसारखे पांढरे झाले. मी पडद्यावर बोट लावले. अंधारात दिवे बंद करणे सुरक्षित नाही, खात्री आहे का, असे गाडीने विचारले. माझ्या हातात मोजे होते, त्यामुळे माझे उत्तर तिला कळले नाही. इंजिन बंद करावे हे मला सुचले नाही. मोजा काढेपर्यंत बोट धक्क्यावर आदळली. पॅर गाडीबाहेर मागे उभे होते. ते पडले व त्यांचे मनगट मोडले. मी माझ्या मफलरने हात बांधून दिला.

स्टेलन खाली आले. पॅर यांना बसवून माझ्या खिडकीशी आले व म्हणाले, "तुझे दिवे बंद होते."

"चालू होते. बघ, अजून आहेत."

"तेच तर. मला दिसत नाही हल्ली. मोतीबिंदू काढल्यापासून धुक्यात घोळ होतो. मी तसंच सांगणार आहे."

"गाढवा, तुला परत बोटीवर पाय ठेवू देणार नाहीत."

"आणि तुझं लायसन्स गेलं तर? आनेली उद्या खोकी घेऊन दारात. मी काय, दोन वर्षांनी घरीच बसणार आहे. तू गप्प राहा."

मी गप्प राहिले.

स्टेलन यांनी तसाच जबाब दिला. त्यांना कामावरून दूर केले असून डोळ्यांच्या कारणाने त्यांचा परवाना कायमचा काढून घेणार असे समजते. त्यांच्या डोळ्यांना काहीही झालेले नाही. माझ्या सुईत दोरा तेच ओवून देतात. परवाच्या गुरुवारी ते आले आणि खिडकीकडे पाठ करून बसले. त्या खिडकीतून बोट दिसते. सूप तसेच राहिले. त्याला तसे बसलेले मला बघवत नाही, म्हणून मी आले.

माझे लायसन्स जाऊ शकते हे मला समजावून सांगितले. ते मला इथे येण्याआधीच समजले होते.

विकबेरी खोटे का बोलले असावेत, असे विचारल्यावरून सांगते की, मी बेटावर राहावे म्हणून. दुसरे कारण नाही. मला त्याचा राग आला. बरेही वाटले.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यातला शेवटचा परिच्छेद स्टेलन विकबेरी यांना दाखवू नये, अशी मी विनंती केली. प्रकरण त्यांच्यावर असल्याने त्यांना पूर्ण जबाब वाचायला द्यावा लागतो, मात्र हवे तर तो परिच्छेद आताच खोडता येईल, असे अंमलदारांनी सांगितले. मी थोडा वेळ मागून घेतला. खोडू नये. मी सांगितले तसेच लिहिले आहे.

सही: रॅग्नहिल्ड ओस्त्रोम