केसानं कोनाचा धुरा कोरला?

…अन् वरून मलेच म्हनते, "वैनी, रेणूले पाहाले पाव्हने येतीन त्या दिवशी तुमी चुलीपाशीच राहा बरं, पुढं येऊ नका." आता सांगा! पोरगी माही, घर माह्यं, अंगन मी सारवलेलं, पोहे मीच करनार, अन् मीच पुढं याचं नाई. काहून? तं म्हने हनोटीवर केस हायेत. अवो, केसच हायेत ना बाप्पा, कोनाच्या वावराचा बांध-धुरा कोरला काय त्याइनं?

हे म्हननारी कोन, तं माही ननंद, संगीता. कारंज्यावरून आली, हातातली पिशवी खाली ठेवाच्या अगोदर माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् अशी थबकली जशी पायाखाली इच्चू आला. नवऱ्याची बहीन, म्हनून मी गप राह्यली. नाई तं माह्यं नाव पंचफुला हाये, अख्ख्या मेडशीत इचारा, मी गप बसल्याचं कोनाले आठवते काय.

तुमाले सांगतो, हे केस काही मी मुद्दाम नाई पेरले. पाळी गेली तवाचे आले. मी म्हनलं चाला, एक पाव्हना कायमचा गेला, आता आराम. कायचा आराम? तो दारातून गेला अन् हे खिडकीतून आले! डोक्यावरचे केस फनीत निंगून राह्यले, अन् हनोटीवर नवी वस्ती होऊन राह्यली. पोटऱ्याइवर तं तरनेपनापासून हायेत, पन ते पातळात झाकून जाते, सोयाबीन सोंगतानी कोन कोनाच्या पोटऱ्या पाह्यते? हनोटी कशात झाकू? अन् डाव्या बाजूच्या तिळावर जो एक हाये ना, तो केस नाई, पराटी हाये, कपाशीची पराटी! वारा सुटला की मले समजते, पानी कोनत्या दिशेनं येनार.

आता रेणूच्या बापाचं पाहा. कानातून अशे झुपके निंगतात की त्यात चिमनीनं घर करावं. नाकातलं तं सांगतच नाई, तुमी जेवून आले असान. पन त्याले कोनी म्हनते काय, भाऊ, तुमी चुलीपाशी बसा? नाई! त्याले गादी, त्याले तक्क्या, त्याले पह्यला चहा. केस त्याचे बी केसच, माह्ये बी केसच, मंग माह्याच केसानं कोनाचा धुरा कोरला?

पन संगीताच्या म्हनन्यात एक गोष्ट होती, खोटं कायले बोलू. मांगच्या वर्षी रेणूची एक सोयरीक जमत आलती अन् मोडली. नानाजी म्हनून आमच्या गावातलं म्हतारं मानूस हाये, सगळ्याइच्या सोयरीकी तोच जुळवते. त्यानं काही सांगतलं नाई, पन त्याच्या घरचीनं नळावर चार बायाइत सांगतलं. म्हने पोराची माय म्हनली, "मायच्या तोंडावर एवढी दाढी, तं पोरगी पन्नाशीले कशी दिसन?" अवो, पन्नाशीले! पन्नाशीले तिचा पोरगा कसा दिसन हे पाह्यलं काय तिनं? आताच अर्धं टक्कल होतं त्याचं!

म्हनून यावेळी संगीताले भेव. अन् यावेळचं पोरगं आमच्या जवळच्या मालेगावचं, अमरदीप नाव, बियान्याच्या दुकानावर हाये, सरळ मानूस. रेणूले तो मनातून आवडला होता, फोटो आला तवापासून मोबाईल उशीखाली घेऊन झोपत होती. तं मी रेणूकडं पाह्यलं. म्हनलं, आता हे आत्याले सुनावन. नर्सिंग शिकलेली पोरगी, दवाखान्यात डॉक्टरले उत्तर देते. पन ते सूप घेऊन तूर पाखडत राह्यली. मान वर केली नाई. काही म्हनली नाई.

ते गप राहनं मले लागलं. संगीताच्या म्हनन्यानं नाई, त्या गप राहन्यानं मी एसटीत बसली अन् मालेगावले पार्लरात गेली.

आता तुमी म्हनान, कायले पार्लर, घरीच उपटाचे. अवो, माह्या कमरेले किल्ल्याइच्या जुडग्यात काटे काढाचा चिमटा हाये, माह्या मायचा. अर्ध्या मेडशीच्या पायातले बाभळीचे काटे मी काढले त्यानं, वावरात निंदतानी कोनी लंगडली की पह्यले मलेच हाक. पन आपली हनोटी आपल्याले दिसते काय? आरसा धरला तं चश्मा पाहिजे, चश्मा लावला तं डावं ते उजवं होते, चिमटा भलतीकडं जाते अन् कातडीच धरल्या जाते. अन् दुसरीले सांगाचं कसं? बाई, माह्या पायातला काटा काढ, हे म्हनाले लाज नाई वाटत. माह्या हनोटीतला काढ, हे म्हनाले जीभ उचलत नाई. पोटच्या पोरीले बी नाई.

तं पार्लर. तिथं रंजीता नावाची पोट्टी, हे एवढीशी, भुवया अशा की पेनानं काढल्या. "बसा आंटी, थोडासा दर्द होईल." मी म्हनलं, बाई, मी तीन बाळंतपनं घरात केली, तू मले दर्द नको सांगू. तिनं धागा घेतला, एक टोक दातात, दोन बोटात, अन् चालू केलं… अरे बाप्पा! बाळंतपनात मी वरडली नाई, पन तिथं माह्या तोंडातून अशी आरोळी निंगाली की बाजूची नवरी मेंदीसकट उठून उभी राह्यली. अन् मंग काय झालं? धागा तुटला! पोट्टीनं नवा घेतला, तो बी तिळावरच्या पराटीनं तोडला. रंजीता म्हने, "आंटी, आपके बाल बहुत कडक हायेत." मी म्हनलं, बाल कडक नाई वं, मानूस कडक हाये, बाल त्याच मातीत उगवले.

मंग तिनं कायची तं मलम लावली. अशी जळजळ, अशी जळजळ, जशी काही मिरची कुटून त्याच हातानं तोंड पुसलं! धुऊन पाह्यलं तं केस तिथंच अन् हनोटी लालबुंद. घरी येतानी एसटीचा कंडक्टर म्हने, "मावशी, दाढ काढली काय? पुढं बसा, गचके कमी लागतीन." मी पुढं बसली. काय सांगू त्याले, दाढ नाई, दाढी?

घरी आली तं राग असा की रेणूच्या बापाचं ब्लेड घेतलं अन् सरसर करून टाकलं. गुळगुळीत! मी खूश. पन तुमी सोयाबीन सोंगलेल्या वावरात कवा अनवानी गेले काय? वरून मोकळं दिसते, अन् पाय टाकला की धसकटं टोचतात. तसंच झालं. पाव्हने याच्या दिवशी सकाळी हात फिरवला अन् म्हनलं, घ्या! झाली धसकटं उभी.

तं मी बसली चुलीपाशी. पदर नाकापासून खाली असा गुंडाळलेला की धूर सुद्धा आत जाईना. अन् बाहीर संगीता! माही हिरवी पैठनी नेसून, मायच्या जागेवर, "या, या, बसा, ताक घेता काय." मी फटीतून पाहून राह्यली. नानाजी आले, पोरगं आलं, पोराची माय आली, दुर्पताबाई. पोरगं मोटरसायकलवरून आलं तं तोंडाले रुमाल, अन् बसल्यावर बी त्यानं काही तो रुमाल सोडला नाई. मी म्हनलं, धूळ असन. अन् दुर्पताबाई कशी, तं पदर तोंडावर, अस्सा घट्ट. पोहे खाल्ले ते बी पदराच्या आतून, चहा प्याली ते बी पदराच्या आतून. संगीता आत येऊन माह्या कानात म्हने, "पाह्यलं वैनी, किती मर्यादेची बाई हाये! शिका काही." मी काही शिकली नाई. मी कांद्याचा कचरा सुपात भरला.

सगळं झालं. पोरीले इचारलं, पोराले इचारलं, मानसाइनं पावसापान्याच्या गोष्टी केल्या. अन् उठाची वेळ आली. आता आमच्या इकडं पाव्हनी बाई कुंकू लावल्याबिगर उंबरा वलांडत नाई. अन् पोराच्या मायले कुंकू कोन लावते, तं पोरीची माय. तिनं लावाचं, मंग पोराच्या मायनं हिले लावाचं, तोंडासमोर तोंड, पदर सरकवून. ते कुंकू लागलं की समजा बोलनं पक्कं. तं संगीतानं करंडा घेतला, खन-नारळ घेतलं, अन् चालली पुढं.

अन् माही रेणू बोलली. ते आतापावतर पायाच्या आंगठ्याकडं पाहून बसली होती. उभी राह्यली अन् सगळ्याइपुढं म्हनली, "आत्या, थांब. माही माय घरात हाये. कुंकू माही माय लावन."

नानाजीचा हात टोपीवर तसाच राह्यला. संगीता म्हने, "अवं रेणे, वैनीच्या हाताले पीठ…" रेणू म्हने, "मंग धुवन ते."

तुमाले सांगतो, मी हात धुतले का नाई मले आठवत नाई. मी उठली. अन् दारात येऊन तो पदर काढला अन् खांद्यावर टाकला. लाल हनोटी, धसकटं, तीळ अन् त्याच्यावर ते खुंट, सगळंच्या सगळं भर उजेडात! म्हनलं, पाहा बाप्पा, काय पाहाचं ते. माह्या पोरीनं मले बलावलं, आता मोडन सोयरीक तं मोडू द्या.

करंडा घेतला अन् दुर्पताबाईसमोर गेली. तं ते बाई मांगं सरकली! "राहू द्या, बाई," पदरातूनच म्हने, "हातावर द्या थोडंसं, मी घरी जाऊन लावतो." कुंकू हातावर? संगीतानं माह्याकडं अशी नजर टाकली, जशी म्हनून राह्यली, घ्या, झालं तुमच्या मनासारखं. रेणूचं तोंड उतरलं. अन् ते उतरलेलं तोंड पाहून माह्यं डोस्कं फिरलं. म्हनलं, "दुर्पताबाई, केसच हायेत, चावत नाई कोनाले!" अन् तिचा हात धरला, तिले दारात उजेडाले आनलं, अन् कुंकवाची जागा मोकळी कराले तिचा पदर वर केला.

केला, अन् बोट हवेतच राह्यलं.

लाल हनोटी. धसकटं. उजव्या बाजूले एक पराटी.

ते माह्याकडं पाहून राह्यली, मी तिच्याकडं. मी हळू इचारलं, "मालेगाव?"

"मालेगाव."

"धागा?"

"तुटला."

"मंग मलम?"

"जळली वं माय," ते म्हनली, अन् तिचे डोळे भरून आले, अन् मंग ते जी हासाले लागली, मी जी हासाले लागली, करंड्यातलं कुंकू अर्धं तिच्या पातळावर अन् अर्धं माह्या. तिचीच जाऊ तिले म्हनली होती म्हने, "पोरीवाले पाह्यतीन, तोंड उघडू नको, पोराची सोयरीक मोडन." घ्या! दोन्हीकडं एकच धाक!

मंग मी काय केलं? अंगनात पाट टाकला. तिले बसवलं, तोंड उन्हाकडं. कमरेचा चिमटा काढला, चश्मा लावला. म्हनलं, पायातला काटा समजा. एक एक केस मुळासकट, धाग्यावानी आरोळी नाई का मलमीवानी जळजळ नाई. मंग मी पाटावर, चिमटा तिच्या हातात. अवो, आपल्याले न दिसनारी हनोटी समोरच्या बाईले किती साफ दिसते! माह्या तिळावरचा तो बाप तिनं दोन झटक्यात उपटला अन् तळहातावर ठेवून मले दाखवला. मानसं वसरीत ताटकळून राह्यली, नानाजी खाकरून राह्यले, रेणूचा बाप इचारते, "झालं काय?" दुर्पताबाईनंच आवाज देल्ला, "थांबा हो भाऊ, इहिनी-इहिनीचं बोलनं चालू हाये. साक्षगंध कवा धरता ते तुमी ठरवा!"

इहिनी! आयकलं काय? कुंकवाच्या अगोदर साखरपुड्याची गोष्ट! रेणू दारात उभी होती, हासून राह्यली होती अन् डोळे पुसून राह्यली होती.

अन् संगीता? ते बराच वेळ तिथं घुटमळली. मंग माह्या बाजूले येऊन बसली अन् हळूच म्हने, "वैनी, माह्या बी गळ्याखाली एक हाये." मी म्हनलं, बस खाली. पन पह्यले माही पैठनी बदलून ये.

आता काय, आयतवारी माह्या अंगनात बायाइची रांग असते. झेडपीच्या मास्तरीनबाई येते, किरान्यावाली येते, नानाजीच्या घरची बी आली, ते नळावरची! तिचा मी जरा हळूहळू काढला, समजून घ्या तुमी. पदर कोनी घेत नाई तोंडावर. केसच हायेत ना, कोनाचा धुरा कोरला त्याइनं?

एकच गोष्ट राह्यली. साक्षगंध झालं, तवा बी यानं रुमाल सोडला नाई, अन् परवा जावई एकटाच आला, तोच रुमाल तोंडाले. मी पोहे देल्ले. तो खाईना. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, रेणू पानी आनाले गेली तं यानं रुमाल काढला. अवो, गाल कसा, तं वांग्यावानी! एक केस नाई! पंचवीस-सव्वीसचा गडी, अन् ओठावर नुसती शेवळ. लाजत लाजत मले म्हनते, "मामी, राग नका मानू, पन… तुमी काय लावत होत्या वो?"

आता काय सांगू त्याले? माह्याजवळ उपटाचा चिमटा हाये बाप्पा, पेराले तिफन कुठून आनू?