अण्णा आणि ती जाड गादी

नाही, पण विश्वास नको का, तुम्हीच सांगा! जी वस्तू विकायची तिच्यावर विकणाऱ्याचा जीव नको? माझा आहे! तुम्हाला सांगतो, आमच्या दुकानातल्या त्या सगळ्यांत जाड गादीवर माझा इतका जीव, की कोणी आडवं व्हायला आलं की माझ्या तोंडून आधी निघतं, "अहो, चपला! चपला काढा!... आणि जरा बेतानं, कड दबते!" झालं! गिऱ्हाईक उठतं, "बघून येतो हं आम्ही..." आणि जे जातं ते जातंच!

आणि आमचे अण्णा! याच दुकानात गाद्या विकता विकता केस पिकले. एकदा त्यांच्या घरी गेलो, बघतो तर काय, जमिनीवर चटई! म्हटलं, "अण्णा, हे काय?" तर म्हणतात कसे, "गादीवर माझी पाठ धरते रे. लोक कसे झोपतात, देव जाणे!" आता बोला! आणि हाच माणूस चपलांसकट झोपवतो लोकांना! गादीचं नावसुद्धा काढत नाही. शेजारी खुर्ची ओढतो आणि हळूच, "सकाळी उठल्यावर... आधी काय दुखतं?" बस्स. मग गप्प. परवा एक बाई, चांगली ठणठणीत हो, सासूपासून साहेबापर्यंत सगळं सांगून मोकळी झाली, डोळे पुसले आणि दोन गाद्या घेऊन गेली! दोन! हात जोडले बाबा या माणसापुढे!

तर मालकांनी मला बोलावलं. "आज एक तरी गादी विक. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." घरी काय तोंड दाखवू? धावलो अण्णांकडे, "अण्णा, वाचवा! शिकवा मला!" ते म्हणाले, "सोपं आहे रे. तू गिऱ्हाईक हो. पड." पडलो. चपला काढून, हं! त्यांनी खुर्ची ओढली. "दमलास ना रे?..."

अहो, मला सगळं माहीत! आता गप्प बसणार, हे माहीत! घरची चटई माहीत! आणि तरी सुरू झालो हो! मालक, आईचे गुडघे, लेकीची शाळा, सगळं भडाभडा बाहेर! अण्णा नुसतं "हं... हं..." शेवटी एवढंच, "कधी स्वतःसाठी काही घेतलंस?" खरंच की! कधी घेतलं मी?... खोटं म्हणावं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी, खरं म्हणावं तर घरी चटई! हात जोडले बाबा!

घेतली गादी. मीच!

संध्याकाळी मालक आले. "गेली का एखादी? कोणी विकली?" अण्णा पुढे झाले, माझ्या पाठीवर हात ठेवला, "यानं! काय विकली पोरानं!" इतकं मनापासून, की मालकांना पटलंसुद्धा! मलाही पटत आलं होतं... पण मला राहवतंय? "छे हो मालक! मी कसला विकतोय? अण्णांनी मलाच विकली! तुम्ही बघायला हवं होतं!..."

असो. आता सकाळी उठायची घाई नसते. पण तुम्हाला सांगतो, गादी आहे मात्र झकास... मी म्हणतच होतो!