चार नटांचा वेळ

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे व्यवस्थापक साहेब, युनियनचे पदाधिकारी आणि समोर बसलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

माझ्याबद्दल आत्ता जे चांगलं बोललं गेलं, ते ऐकून आमची ही दोनदा वळून माझ्याकडे बघत होती. एकतीस वर्षं तुमच्या कामाचा वेळ मोजायला मागे घड्याळ घेऊन उभं राहणाऱ्या माणसाचं इतकं कौतुक? मी दिसलो की तुमचे हात जड व्हायचे, हे मला ठाऊक होतं. पाठीमागे मला काय म्हणायचात तेही ठाऊक आहे. ते राहू द्या, इथे घरची मंडळी बसली आहेत.

एक गोष्ट मात्र सांगूनच जातो. गेल्या महिन्यात ड्रिलिंग मशीनवर तुकडा धरून ठेवणारी नवी पकड आली. पूर्वी तुकडा बसवायला पान्याने चार नट आवळावे लागत. आता एक दांडा खाली ओढला की झालं. सुधारणा उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण लगेच वरून निरोप आला, पद्धत बदलली, तेव्हा अख्ख्या कामाचा ठरलेला वेळ निम्म्यावर आणा. म्हणजे इन्सेंटिव्ह हवा तर दुप्पट तुकडे काढा.

मी मोजायला गेलो. तिथल्या सगळ्यात जुन्या बाई म्हणाल्या, "दादा, पाना गेला, बरं झालं. पण तुकडा अजून मीच उचलते. तो काही हलका झालेला नाही."

तीन दिवस मोजलं. सहा मिनिटांच्या कामात वाचले पन्नास सेकंद. उचलायला, भोक पाडायला, तपासायला पूर्वीइतकाच वेळ. जेवढं बदललं तेवढंच कमी करायचं, असा आपला करार आहे ना? साहेब म्हणाले, निम्म्यावर सही करा, नोकरीला दोन वर्षं मुदतवाढ देतो. मुलीचं शिक्षण बाकी आहे. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण सही केली नाही. म्हणून तर हा निवृत्तीचा समारंभ आज होतोय.

माझ्या सहीशिवाय कामाच्या वेळांचा नवा तक्ता लागू होत नाही. आणि माझ्या सहीचा, पन्नास सेकंद कमी केलेला तक्ता मी आज सकाळीच फलकावर लावलाय. साहेब, तो चुकीचा वाटत असेल तर एक पाळी स्वतः ड्रिलिंगवर उभे राहा. घड्याळ धरायला मी फुकट येईन.

आपण सगळे वेळ काढून आलात, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मोठ्या मनाने माफ करा. मोजण्यात झालेलं नाही. त्याची माफी मी मागणार नाही.